भांगाचे दिवस तुझे

पनवेल,
पौष वद्य द्वादशी

प्रिय मालू,

पत्राच्या सुरुवातीला सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे. आम्ही सगळे आहोत, एवढं मी खात्रीने लिहू शकते. तू पाठवलेला तिळगूळ पोचला. आयने त्यातला अर्धा गल्लीतल्या कुत्र्याला घातला आणि उरलेला उशीखाली जपून ठेवला. त्याला मुंग्या लागल्या, आणि गाद्या उन्हात टाकण्यात माझा एक रविवार गेला. पण तिळगूळ छान झाला होता. हे तक्रारीचं पत्र समजू नकोस. तक्रार करायलाही अंगात थोडी ताकद लागते, आणि ती मी सध्या रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकऱ्या थापण्यासाठी राखून ठेवते.

तू शेवटची आलीस त्या गौरी-गणपतीला दोन वर्षं होऊन गेली. आयने तुला दारात पाहून विचारलं होतं, "ही कोन गो? हिला च्या पाज नि वाटेला लाव." तू मोरीत जाऊन रडलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नाशिकला परत गेलीस. नंतर तुझं पत्र आलं, जिला मी आठवतच नाही तिच्याकडे येऊन मी काय करू? त्यावर मी काही लिहिलं नाही. तेव्हापासून तुझी पत्रं येतात, तिळगूळ येतो, गेल्या दिवाळीत आयला लुगडं आलं. तू तेवढी येत नाहीस.

आयचं सांगते. सकाळी ती उंबऱ्यात सूप घेऊन बसते. सुपात खेकड्यांऐवजी माझ्या घरातलं हाताला लागेल ते, म्हणजे कांदे, वाट्या, ह्यांचा चष्मा. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक, "घे गो, ताजी चिंबोरी, आताच काढलीय." शेजारच्या गंगाबाई फार चांगल्या. त्या रोज खाली बसून भाव करतात, महाग आहे म्हणून कुरकुरतात, वाटी घेऊन जातात आणि दुपारी परत आणून देतात. मी शाळेत गेले की त्याच तिच्यापाशी बसतात. एकदा आमच्या शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या होत्या. त्यांना आयने त्यांच्याच चपला विकल्या, आणि वर म्हणाली, "सकालची भवानी हाय म्हनून सोस्तात दिली." मोठ्या बाई हसल्या. मीही हसले. त्या गेल्यावर मला रडू का आलं ते मात्र कळलं नाही.

हसण्यासारखं असतं तेवढं दिवसा असतं. उजाडायच्या आत तिला खाडीकाठच्या खाजणात जायचं असतं. टोपली शोधते, कडी काढते, दोनदा तर ती बाजारापर्यंत पोचली होती. म्हणून मी तिच्या पदराची माझ्या पदराशी गाठ मारून झोपते. लग्नात ह्यांच्या उपरण्याशी मारलेली गाठ एका दिवसात सुटली होती, ही काही सुटत नाही. ती कूस बदलते तशी मी बदलते. ह्यांचा काही त्रास नाही, हे पाणी भरतात, कचेरीतून येताना भाजी आणतात, पण सासूला न्हाऊ घालायला जावयाला कोण सांगणार? परवा तिसरीच्या वर्गात फळ्यावर बेरीज लिहिता लिहिता मला उभ्या उभ्या झोप लागली. मुलांनी उठवलं नाही. डोळे उघडले तेव्हा अख्खा वर्ग तोंडावर बोट ठेवून बसला होता.

तर गेल्या आठवड्यात आयचा "खाजनात जायाचा हाय" हा धोशा इतका वाढला की हेच म्हणाले, एकदा नेऊन आण, पाहील आणि शांत होईल. मी शाळेतून रजा काढली. तुला ठाऊक नसेल, आपल्या गावामागचं खाजण आता सरकारने राखीव केलंय. आय जिथे सारा जन्म गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि चिंबोऱ्या काढून तिने आपल्या दोघींना जगवलं, त्या तिवरांच्या झाडीच्या तोंडाशी आता पाटी आहे. पक्ष्यांसाठी राखीव, शिकार, मासेमारी आणि लाकूडतोड मना. गावातल्या बायका आता पलीकडच्या खाडीवर जातात, तिथे पोचायला लांबचा फेरा पडतो. त्या पाटीचा राग येतो त्यांना, आणि मलाही जाताना वाटेत आलाच होता.

एसटीत आयने तिकीट काढू दिलं नाही. "टोपली माजी टपावर हाय, तिचा पैसा दिला, आता मानसाचा कसला?" कंडक्टर भला माणूस, मी मागून गुपचूप पैसे दिले. फाट्यावर उतरलो आणि बांधावरून चालत निघालो. घरात भिंत धरून चालणारी आय बांधावर माझ्यापुढे चालत होती. आणि खाजणाच्या तोंडाशी राखणदार म्हणून कोण उभा असावा? नाखवांचा दादू. तोच, तुझ्या वेणीला रिकामं डबडं बांधणारा, बगळ्यांची अंडी काढून सदऱ्याच्या खिशात फोडून घेणारा. आता खाकी कपडे, गळ्यात शिट्टी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हे. मी तसं म्हटल्यावर तो लाजला आणि आधी तुझीच चौकशी केली.

दुपारची ओहोटी होती. तिवरांच्या पलीकडे चिखल उघडा पडला होता आणि त्यावर पाखरंच पाखरं. मी मोठ्याने काहीतरी बोलले तसा दादू ओठावर बोट ठेवून म्हणाला, "बाय, हलू. थंडीचं पावनं हायत. लांबशी आलेत, दमलेत. इतं त्यांना कोनी उठवायचा नाय, सरकारची आर्डर हाय." मग मी नीट पाहिलं. बहुतेक पाखरं झोपली होती. एक पाय पोटाशी घेतलेला, चोच पंखात खुपसलेली, उभ्या उभ्या झोप. ती विद्या मलाही येते, पण माझ्या झोपेवर पहारा नाही. पाखरांच्या झोपेसाठी सरकारने पगारी माणूस ठेवलाय, कपडे दिलेत, शिट्टी दिलीय. मालू, तुला खोटं वाटेल, मला त्या पाखरांचा हेवा वाटला. इतका हेवा मला आजवर कुणाच्या पाटल्या-बांगड्यांचाही वाटलेला नाही. मनात आलं, ह्या पाटीखाली आपणही पदर डोक्याखाली घेऊन आडवं व्हावं आणि दादूला सांगावं की ह्या बाईलाही कुणी उठवायचं नाही.

तिथे उभी असताना मला आपली वाटणी आठवली. तुला आठवते का? अमावास्या-पुनवेच्या उधाणात पाणी लांब मागे जायचं, खूप चिखल उघडा पडायचा, चिंबोऱ्याही खूप. तेव्हा आय मला बरोबर न्यायची, मी मोठी म्हणून. आणि अष्टमीच्या आसपास भांग लागला, पाण्याचा जोर ओसरला, की घर तुझं. पाणी भरायचं तू, चूल तुझी, खाजणातून आली की आयचे पाय धुऊन चेपायचे तू. मला त्या दिवसांत काही काम नसायचं. मी झोपायची, नाहीतर पुस्तक घेऊन पडायची. आयचा दंडकच होता, "उधान मैनीचा, भांग मालीचा. भांगात मैनीला हाक मारायची नाय." तू कितीदा रुसलीस, पण एकदाही मला हाक मारली नाहीस. त्या भांगांच्या जोरावर मी सातवी पास झाले, मास्तरीण झाले. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आज लिहिते.

मी हे आठवत राहिले आणि तेवढ्यात आय चिखलात उतरली होती. लुगडं वर खोचून, बिळात खांद्यापर्यंत हात. दादूची जी त्रेधा उडाली! शिट्टी तोंडाशी नेली, पण वाजवली तर सगळी पाखरं उठणार. तो कुजबुजत ओरडत होता, "काकी, भायेर या गो, माजी नोकरी जाईल." घरी जिच्या हातात कपबशी थरथरते त्या आयने हाताएवढी चिंबोरी नांग्या धरून बाहेर काढली. आम्हाला दाखवली, उलटी केली, तिच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "लेकुरवाली हाय, जाव दे." तिनेच ती परत सोडली. दादूचा जीव भांड्यात पडला.

मग तिला बांधावर बसवून मी तांब्यातल्या पाण्याने तिचे पाय धुवायला घेतले. बोटांच्या फटीतला चिखल काढत होते. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. दोन वर्षांत मला असं कुणी पाहिलं नव्हतं. आणि म्हणाली, "माले, आलीस?" मी तिचा दुसरा पाय पुढ्यात घेतला. ती पाण्याकडे बघून म्हणाली, "बरोबर. आज भांग हाय. तुजाच दिस." खरंच त्या दिवशी अष्टमी होती. मग विचारलं, "मैनी कुटं हाय?" मालू, काय सांगणार होते? मी म्हटलं, घरी झोपलीय. तर माझा हात धरून म्हणाली, "झोपू दे. लय दमलीय ती पोर. बोलत नाय, पन मला दिसतंय. हाक मारू नको हां तिला."

मी मान खाली घालून तिचे पाय धूत राहिले. स्वच्छ झाले होते तरी धूत राहिले. आपल्याला कुणी पाहत नाही असं मी धरून चालले होते आणि ती मला पाहत होती. दादूने पाखरं मोजायचं निमित्त करून पाठ फिरवली. थोड्या वेळाने आय म्हणाली, "फुडच्या भांगाला येशील ना? मागं आली नायस. मैनीनं एकटीनं केला सगला." मी येते म्हटलं. तिचा विश्वास बसेना. "खाडीकं तोंड कर नि बोल." मी खाडीकडे तोंड केलं आणि पुढच्या भांगाला येईन असं बोलले. खाडीची आण मोडत नसतात, हे तुला मी सांगायला नको.

त्या दिवसापासून घर बदललंय. आय पहाटे कडी काढत नाही, टोपली शोधत नाही. बोटांवर तिथी मोजते आणि गंगाबाईंना सांगते, "माजी माली येनार हाय भांगाला." गेल्या चार रात्री पदराची गाठ मारावी लागली नाही. सुटका झाली म्हणशील, तर तसंही नाही. आता एक नवीनच चाललंय. मी भांडं जरा आपटलं, जोरात बोलले, की ती ओठावर बोट ठेवते, "हलू गो, मैनी झोपलीय आत." म्हणून मी माझ्याच घरात, मला जाग येऊ नये म्हणून, चवड्यांवर चालते. हसू नकोस. नाहीतर हस, मीही हसतेच.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. ती तुला विसरलेली नाही, मालू. तुझा चेहरा तिने माझ्यावर ठेवलाय आणि तुझ्या नावाने शब्द मी देऊन बसलेय. न विचारता दिला, त्याबद्दल रागाव, पण इथे येऊन रागाव. माघ शुद्ध अष्टमीला भांग लागतो. आता दिव्याहून पनवेलपर्यंत रेल्वेही आलीय, कल्याणला उतर, दिव्याला ये आणि तिथली गाडी धर. एसटीत तुला मळमळतं ही सबबही सरकारने ठेवली नाही. कदाचित ती पुन्हा विचारील, ही कोन गो. तेव्हा मोरीत जाऊ नकोस. तांब्या घे आणि तिचे पाय धुवायला बस, ती ओळखील. मला फक्त भांगाचे दिवस दे, उधाण मी पूर्वीसारखंच बघेन. त्या दिवशी मी दाराची कडी काढून ठेवीन. तू आलीस की चपला बाहेर काढ, हळूच आत ये, आणि मला हाक मारू नकोस.

तुझीच,
मैना