कानातला जांभळा ठिपका

अण्णा, तुमच्या दवाखान्यासमोर जिथं लाकडाची वखार होती, तिथं तीन वर्षांपूर्वी एक नवा जनावरांचा दवाखाना झाला. काचेचं दार, आत एसी, एक्स-रे, रक्त तपासायचं मशीन आणि कुत्र्यांना आंघोळ घालून त्यांचे केस कापायची वेगळी खोली. तुम्ही पाहिलं असतं तर आधी पोटभर हसला असता आणि मग त्या एक्स-रे मशीनपाशी तासभर रेंगाळला असता. मला मात्र हसू आलं नाही. आपल्याकडं अजून तुमचंच लोखंडी टेबल आहे, तुमचाच वजनकाटा आहे आणि भिंतीवर तुम्ही आहात. पहिल्या सहा महिन्यांतच आपली जुनी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडं जायला लागली. गिऱ्हाईक म्हणायचं नाही, असं तुम्ही मला एकदा चांगलंच दटावलं होतं, ते आठवतंय. पण त्या दिवसांत मला ती गिऱ्हाइकंच वाटत होती. पन्नाशीला टेकलेली बाई मी, पडद्याआड उभी राहून समोर कोणाची गाडी थांबते ते बघायची.

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मला तुमचा चेहरा आठवायच्या आधी तुमची बोटं आठवतात, कायम जांभळी. देवगाव रंगारीला नोकरीत होतात तेव्हापासूनची तुमची ती सवय. इंजेक्शन दिलं की जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात बोट बुडवायचं आणि जनावराच्या कानाच्या आत ठिपका लावायचा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन असेल तर एक, तापाचं असेल तर दोन. बाजारच्या दिवशी लोक एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं जायचे, पहिल्याचं नाव सांगायचे नाहीत, चिठ्ठी तर वाटेतच कुठंतरी पडलेली असायची. तुम्ही म्हणायचात, "कागद हरवतो, कान कुठं हरवतोय?" हळूहळू तुमच्याशी धड न बोलणारे डॉक्टरही ठिपके लावायला लागले. घरी आई ताट वाढताना रोज म्हणायची, "आधी हात धुवा." तुम्ही रोज धुवायचात, रंग काही जायचा नाही, आणि भाकरीच्या कडेला जांभळा अंगठा उमटायचा.

मी डॉक्टर होऊन तुमच्या शेजारी उभी राहिले आणि महिन्याभरात ठिपके लावणं सोडून दिलं. पांढऱ्या शुभ्र पामेरियनच्या मालकिणीनं नाक मुरडलं, एवढंच निमित्त. शहरात आता फाइल असते, मी म्हटलं, हे खेड्यातलं इथं कशाला? तुम्ही चिडला नाहीत. सुई उकळत्या पाण्यातून काढत म्हणालात, "बाळा, तो ठिपका आपल्यासाठी नस्तोय. आपल्या नंतर जो बघंल त्याच्यासाठी अस्तोय." मला तेव्हा ते उगीच वाटलं. माझ्यानंतर कोणी कशाला बघायला पाहिजे, मी काय कमी आहे? इतका माज होता.

समोरचा दवाखाना आला तसा तो माज आंबट झाला. तिकडून कोणी परत आलं की मी तपासायच्या आधी ऐकवायची. "काचेच्या दाराला भुललात ना? आता आठवण झाली होय माझी?" एका शेजारणीला तर मी सगळ्यांसमोर इतकं बोलले की ती मांजर उचलून निघून गेली. समोरचा डॉक्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान. रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा. मी मान हलवल्यासारखं करायची.

मागच्या मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या एक मावशी त्यांच्या कुत्र्याला घेऊन आल्या. बारा वर्षांचा म्हातारा, पिल्लू होता तेव्हापासून आपल्याकडंच येतो. मागचा पाय टेकवत नव्हता. त्याच्या मूत्रपिंडांचं दुखणं जुनं, औषध हात राखूनच द्यावं लागतं.

"आज कुठं दाखवलंत का?" मी विचारलं.

"नाय हो मॅडम, कुठंच नाय. डायरेक तुमच्याकडंच आलो."

मी दुखण्याचं इंजेक्शन भरलं. सुई टोचणार तेवढ्यात त्यानं जोरात डोकं झटकलं. गोचीड असेल म्हणून मी त्याचा कान उलटा केला. आतल्या गुलाबी कातडीवर एक जांभळा ठिपका होता. ओला नव्हता, पण रंग ताजा. अण्णा, क्षणभर मला वाटलं तुम्हीच आत्ता इथून उठून गेलात.

मी सुई खाली ठेवली. "मावशी, खरं सांगा."

मावशींना रडूच फुटलं. "सकाळी समोर नेलतं. तुमचं बंद होतं ना. त्यांनी एक सुई दिली. तुम्ही लई बोलता म्हणून नाय सांगितलं."

त्याच औषधाचा दुसरा डोस त्या म्हाताऱ्याला झेपला नसता. पोटात रक्तस्राव झाला असता, मूत्रपिंडं बसली असती, दोन दिवसांत गेला असता. आणि मी दोष कोणाला दिला असता? समोरच्याला. अगदी मनापासून दिला असता, गल्लीभर सांगितलं असतं. मी मावशींचे हात धरून म्हटलं, "चूक माझी आहे. तुम्ही भ्यालात ते माझ्यामुळं." मग तीन वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडला.

तो डॉक्टर मला बघून खुर्चीवरून उठलाच. "या ना मॅडम, बसा."

"तो ठिपका तुम्ही लावलात?"

"व्हय मॅडम. सिल्लोडला एका जुन्या सरांच्या हाताखाली दोन वर्षं होतो, त्यांनी सवय लावली. त्यांना तुमच्या वडलांनी शिकवलेली. तुमचा बोर्ड समोर बघितला आन् मला लई बरं वाटलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या शहरात एक तरी दवाखाना आपली खूण वाचणारा हाय."

सिल्लोडचे ते सर म्हणजे तुमच्याशी धड न बोलणाऱ्यांपैकीच एक, अण्णा.

मग त्यानं काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. ते शेवटी सांगते. निघताना त्यानं कपाटातून जांभळ्या औषधाची एक बाटली काढून माझ्या हातात ठेवली.

म्हातारा आता चारी पायांवर फिरतोय. आता एक्स-रे लागला की मी समोर पाठवते आणि गोठ्यातली म्हैस विताना अडली की तो मला फोन करतो. म्हशीला तो अजून जरा भितो, कबूलही करतो. पडदा मी काढून टाकला. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू! तीन वर्षं पाठीवर बसलेलं कोणीतरी उतरून गेलंय. काल रात्री जेवायला बसले तर आईनं माझ्या हातांकडं पाहिलं. आता तिला नीट दिसत नाही, तरी बघत राहिली. मग म्हणाली, "आधी हात धुऊन ये." मी धुऊन आले. रंग गेला नाही, आणि तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.

हे पत्र केस पेपरच्या पाठीमागं लिहितेय. तुमच्या वजनकाट्याखाली घडी घालून ठेवीन, तो तसाही एका बाजूला कलतो. तर राहिलेलं सांगते. त्या मुलानं अगदी साधेपणानं विचारलं होतं, "मॅडम, तुमच्याकडनं आलेल्या जनावरांचे कान मी तीन वर्षं झालं बघतोय. ठिपका कधी घावला नाय. तुमचं औषध पुसून जातं का?"

मी म्हटलं, "हो ना. हल्लीच्या औषधाला पहिल्यासारखा रंगच राहिला नाही."