पिठावरचं पाऊल

३ फेब्रुवारी
आले एकदाची सुकापूरला. सातवा महिना म्हणजे मी काचेची बरणी झाले, असा सुशांतचा समज. नाशिकपासून इथवर त्याने गाडी इतकी हळू आणली की मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. काकूने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई-बाबा गेल्यावर, माझ्या चौथ्या वर्षापासून, मला दीनाकाकाने आणि काकूनेच वाढवलं, त्यामुळे बाळंतपणाचं माहेर ते हेच. हा फ्लॅट मात्र मला नवा. निवृत्तीनंतर काकाने घेतलेला. माझ्या खोलीला त्याने स्वतः उभं राहून पिवळा रंग लावून घेतला आणि अठरा दिवसांपूर्वी गेला. तेव्हा डॉक्टरांनी मला प्रवासाला बंदी केली होती, शेवटचं तोंडही बघता आलं नाही. तरी आज इथे आल्यावर बरं वाटतंय. खिडकीतून उतरणारी विमानं दिसतात.

५ फेब्रुवारी
दिवसभर काकाच्याच गोष्टी. माझ्या वेण्या घालायला तो शेजारच्या नीतामावशींकडून शिकला होता. पेड इतके घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. दहावीच्या प्रत्येक पेपराला गेटबाहेर उन्हात उभा. माझ्यावर जीव टाकायचा, फक्त कॅरममध्ये राणी सोडायचा नाही. हरायला आलं की सोंगट्या विस्कटून मोकळा. असा होता आणि मला तो जगात सगळ्यात जास्त आवडायचा.

संध्याकाळी काकूने एक गोड गोष्ट सांगितली. तिच्या माहेरी, अलिबागकडे, माणूस गेला त्या जागी तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठावर जी खूण दिसेल, तो त्याचा पुढचा जन्म. काकाच्या पिठावर तान्ह्या बाळाचं पाऊल उमटलं होतं. काका माझ्याच पोटी येणार म्हणून मी आनंदाने रडले. नंतर आम्ही दोघींनी शिरा केला.

११ फेब्रुवारी
डोहाळे बदललेत. चिंच-आवळा नकोसा झालाय. काल ताटभर कारल्याची भाजी खाल्ली, जिला मी जन्मात शिवले नव्हते. आज कपाटात काकाची तपकिरीची डबी सापडली आणि मी झाकण उघडून वास घेत बसले. काकू म्हणाली, डोहाळे आईचे नसतात, आतल्याचे असतात. सुशांतला फोनवर सांगितलं तर म्हणाला की काकू सांगेल तसं कर.

१६ फेब्रुवारी
पोटात दोन तऱ्हेच्या हालचाली आहेत. एक माझ्या ओळखीची, डावीकडची, हलकी, बोटाने टिचकी मारावी तशी. दुसरी गेल्या आठवड्यापासूनची, उजवीकडे, जड. कुणीतरी कूस बदलून जागा करून घेतं आणि मग टिचक्या बराच वेळ थांबतात. डॉक्टरांकडे जाऊन आले. बाळ एकच, ठोके उत्तम, वजन मात्र महिन्याच्या मानाने जास्त. वजनाचं ऐकून काकूला फार आनंद झाला. मला नाही झाला.

१९ फेब्रुवारी
दुपारी जेवून पडले होते. पोटावर गरम श्वास जाणवला म्हणून डोळे उघडले. काकू माझ्या पोटाशी तोंड नेऊन पुटपुटत होती. दीनानाथ. दीनानाथ. काकाचं नाव. बारशाआधी बाळाला नावाने हाक मारायची नाही, हे मला तिनेच शिकवलंय. विचारलं तर म्हणाली, ज्याला आधी नाव मिळतं तो राहतो. आणि कुकर लावायला निघून गेली.

डिसेंबरात नाशिकला आला तेव्हा काकाने माझ्या पोटावर हात ठेवला होता. अजून नाव नाही ना ठरवलं, असं विचारलं होतं. नाही म्हटल्यावर, बरं झालं, म्हणाला. मी हसले होते.

२० फेब्रुवारी
भांडी घासायला येणाऱ्या सत्यवतीबाई टोपली उचलली तेव्हा घरात होत्या. काकू बाजारात गेल्यावर त्यांना खोदून विचारलं. आधी नाय नाय करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावलं दोन व्हती ताई. खाली लहान, आन् त्याच्यावर मोटा पाय. दाबून धरल्यागत. काकू बोलल्या, ताईला सांगायचा नाय." भांडी तशीच टाकून गेल्या.

२१ फेब्रुवारी
सुशांत आला. तो आंघोळीला गेल्यावर त्याचा फोन उघडला. पिठाचा फोटो काकूने त्याला त्याच सकाळी पाठवला होता. इवलं पाऊल, आणि त्याच्यावर काकाचा पाय — अंगठ्यावर चढलेलं दुसरं बोट, कुठेही ओळखेन. खाली सुशांतने जोडलेले हात टाकलेत. दोनदा.

विचारलं. म्हणाला, काकांनी तुझ्यासाठी केवढं केलं. मूल काय, पुन्हा होईल.

२२ फेब्रुवारी
माझी मैत्रीण वल्लरी उलव्याला असते. उद्या नऊला गाडी घेऊन येईल. कुणाला सांगितलं नाही.

काका, तू मागितलं असतंस तर मी जीव दिला असता. तू मागितलं नाहीस. हात ठेवून जागा बघून गेलास — माझ्या पोरीची जागा — मुलगीच आहे, मला माहीत आहे — आणि सगळ्यात वाईट हे, की अजूनही तुझी आठवण आली की मला रडू येतं.

टिचक्या सकाळपासून दोनच.

२३ फेब्रुवारी
सव्वाआठ. बाथरूमची कडी लावून लिहितेय. नाव ठेवलं. सई. पोटाशी वाकून हळूच म्हटलं. डावीकडे टिचकी. पुन्हा म्हटलं. पुन्हा टिचकी. आहे. माझी पोर आहे अजून.

काकू दार वाजवतेय. सुशांतही —

नऊला दहा कमी. खाली हॉर्न. वल्लरी आली. सई, चल, आपण —

तिने ओ दिली. पण उजवीकडून. जड.

पुन्हा हाक मारली. सई. उजवीकडूनच. लगेच. शहाण्या मुलासारखी —

डावीकडे काही नाही

काका, ते तिचं नाव आहे. तुला तुझं आहे ना. निदान ते तरी तिला —