‘रहमत’ नौकेची दुसरी सीडी

बिस्मिल्ला करून लिहितो. मी मुझम्मिल फारुक होडेकर, वय चोवीस, सातवी नापास, मूळ राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी, हल्ली मुक्काम दोहा, कंपनीचा कॅम्प, खोली नंबर अकरा. डोके ठिकाणावर आहे, ताप नाही, लिही म्हणून कोणी मागे लागलेले नाही. मागच्या महिन्यात आमच्या खोलीतला विठू करंट लागून गेला. त्याची पेटी कोणाला द्यायची हे कोणालाच ठाऊक नव्हते, ती अजून ऑफिसात पडून आहे. माझे तसे होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र.

१. वारसांचे वाटे शरियतप्रमाणे व्हावेत, त्यात मी बोट घालत नाही. बाहेरच्या माणसाला तिसऱ्या हिश्श्यापर्यंत देता येते, असे मौलवींना विचारून घेतले आहे.

२. माळ्यावर गोणपाटात वाया गेलेल्या सीड्या आहेत. राईट करताना लाइट गेली की सीडी मेली. त्या अम्मी हाजरा सुकत घातलेल्या मासळीवर टांगते, कावळे फिरकत नाहीत. याला माल म्हणू नये, त्या तिच्याच.

३. सीडीचा वॉकमन, कोणाची हरकत नसेल तर, बहीण उझमाला. तिच्या आवडीची गाणी मी न विचारता काढून माझी घालायचो, ही तिची तक्रार खरी होती. मला एकच गोष्ट दोनदा ऐकवत नाही.

४. कॉम्प्युटर आणि सीडी बनवायचा राईटर माझा दोस्त बाबू शिवलकर आणि मी मिळून घेतला. माझा अर्धा भाग बाबूला. अब्बा म्हणतील, त्या बाबूला कशाला? म्हणून पुढचे लिहिणे भाग आहे.

आम्ही शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत नौकांसाठी सीड्या बनवायचो. ज्याला जी गाणी हवी ती, त्याच क्रमाने. अब्बा ‘रहमत’चे तांडेल, नौका त्यांच्याच हुकमाने चालायची. समुद्रात ते घड्याळ बघत नसत. जाळे टाकले की पहिली सीडी, मग दुसरी. दुसरीच्या शेवटी एक जुनी कव्वाली होती. ती लागली की खलाशी उठून विंचकडे, जाळ्याची तार गुंडाळायच्या यंत्राकडे, जायचे आणि जाळे ओढायचे. हे आख्ख्या बंदराला माहीत.

दुसरी सीडी चरे पडून अडकू लागली. अब्बांनी बाबूला सांगितले, अशीच दुसरी बनव. बाबू त्या दिवशी जयगडला मावशीकडे गेला होता. मी बसलो. कव्वालीचा मला कंटाळा आला होता. ती काढली आणि शेवटी नवीकोरी गाणी घातली. वाटले, अब्बा खूश होतील.

नौकेवरचा डेक सीडी संपली की पुन्हा पहिल्यापासून वाजवायचा. गाणी नवी, एकदा वाजली की दोनदा, कोणाला कळले नाही. सगळे कव्वालीची वाट बघत राहिले. ओढायची वेळ उलटून गेली आणि जाळे पाण्याखालच्या खडपात, खडकांत अडकले. ते सोडवताना विंचच्या तारेत अब्बांच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

अब्बांनी बंदरावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत हात वर करून सांगितले, ही बाबूची करणी. बाबू समोर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि मान खाली घातली. मी नंतर विचारले, का नाही बोललास? म्हणाला, “तुझो बापूस तुला घरात घेणार नाय. माझा काय, दुकानच जाईल.”

बाबूकडून कोणी सीडी घेईना, दुकान गेलेच. आता तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो. मी दोह्याला आलो. तीन वर्षे मी गप्प आहे.

ती सीडी मी बनवली. बाबूचा त्यात काही दोष नाही.

५. इथवर लिहून साक्षीसाठी सदूला वाचून दाखवले. सदू लांज्याचा, माझ्या वरच्या खाटेवर झोपतो. तो सही करीना. म्हणाला, “मेल्यावर खरा बोललास तर अब्बांच्या शिव्या तुला ऐकाव्या लागणार नाय, येवढाच. बाबूने काय तुझ्या मरणाची वाट बघत लाद्या ओढायच्या?” जुम्याची नमाज झाली, जेवलो, मग पुन्हा लिहायला बसलो.

तर बाकीची कलमे मी गेल्यावर. चौथे कलम मात्र आत्ताच: हे पाकीट उद्या गावी निघालेल्या माणसाबरोबर पाठवतो आहे, ते हातात पडेल त्याच दिवशी अमलात यावे. उझमाने ते अब्बांना वाचून दाखवावे, आणि अब्बांनी ते लिलावाला, जिथे बोलले तिथेच, सगळ्यांसमोर सांगावे. त्यांना मला घरात घ्यायचे नसेल तर तसे कळवावे. मी पुढच्या शुक्रवारी आपल्या घराशेजारच्या पीसीओवर फोन करणार आहे. अब्बांनीच उचलावा.

सही : मुझम्मिल फारुक होडेकर

साक्षीदार : १. सदू (आता सही केली) २. झैन, खोली नंबर बारा

दोहा, शुक्रवार, ६ फेब्रुवारी २००४