कानामागचं कातडं

आई, कापड एकदा जास्त कापलं गेलं की तू नेमकं काय करायचीस? मला अर्धवटच आठवतं, आणि विचारायला दुसरं कोणी नाही. गेल्या वर्षी माझ्या उजव्या पापणीचं तेच झालं. दोन्ही डोळ्यांवर कातडी लोंबायला लागली होती, म्हणून देवासच्याच एका डॉक्टरांकडून ऑपरेशन करून घेतलं. फळ्यावरची वरची ओळ दिसत नाही, असं शाळेत आणि घरी सगळ्यांना सांगितलं. जादा कातडी काढतात, टाके घालतात, संध्याकाळी माणूस घरी. फक्त उजवीकडे जरुरीपेक्षा जास्त निघाली आणि डोळा मिटेनासा झाला. दुपारी जरा आडवी झाले की तुझी नात घाबरायची. "मम्मी, आप आँख खोलके सोती हो, अंदर का सफ़ेद दिखता है!" देवासची पोर, मराठी समजते सगळं, बोलते मात्र अशी. वर्गात शिकवताना खडूची धूळ थेट बुबुळावर बसायची. धड रडताही यायचं नाही, नुसतं पाणी गळायचं.

इंदूरला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनीच मोठ्या असतील. म्हणाल्या, डोळा सुकून बुबुळावर ओरखडे पडलेत, असंच राहिलं तर या डोळ्याची नजर जाईल. पापणी पुन्हा दुरुस्त करावी लागेल, पण आत्ता नाही, सहा महिन्यांनी. अस्सा राग आला! डोळा जातोय आणि थांबा काय म्हणता? तर म्हणे, व्रण अजून कडक आहे, त्याला मऊ होऊ द्या, घाईनं हात घातला तर पुन्हा ओढून धरेल. तोवर दिवसभर थेंब, झोपताना मलम आणि पट्टी. बसमध्ये परत येताना मला एकदम हसू फुटलं, कारण तू अमझेऱ्याच्या त्या नवरीला अगदी असंच ताटकळत ठेवलं होतंस.

धारच्या आपल्या स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर तुझं मशीन. दुसऱ्यांनी बिघडवलेली पोलकी घेऊन बायका तुझ्याकडेच यायच्या. ती नवरी रडतेय, "काकी, म्हारो ब्लाउज बिगाड़ी दियो!" आणि तू कात्रीला हातच लावत नाहीस. तिला चहा देतेस. "पहले धो, दो-चार बार पहन, फिर ला." ती चिडून जाते, आठ दिवसांनी येते, तेव्हा कुठे तू बाहीच्या आत दुमडलेलं कापड सोडवून काखेत जोडाची कळी लावतेस. आणि ज्या बाया आरशापुढे उभ्या राहून "थोड़ो और कसी दो", अजून जरा घट्ट कर, म्हणायच्या, त्यांचं तर तू काहीच करायची नाहीस. आत नेऊन नुसती इस्त्री! बाई घालून बघायची आणि खूश. एकदा मी आगाऊपणानं एकीला सांगून टाकलं, आईनं काही केलंच नाही म्हणून. ती गेल्यावर तू मला मारलं नाहीस, पण जे बोललीस ते कानशिलात बसल्यासारखं लागलं. "तिला आरशापुढे दोन मिनिटं उभं राहायचंय गं, पण ते घालून पंगतीत दोन तास जेवायचंय. आणि मी कापून बसले तर वाढवू कुठून?"

तर आई, चूक त्या पहिल्या डॉक्टरांची म्हणावी का माझी? पहिल्या ऑपरेशनच्या आधी त्यांनी पेनानं रेघ आखून आरसा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, अजून थोडं. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हटलं. तुझी लेक असून! बिचाऱ्यांना इस्त्रीची युक्ती ठाऊक नव्हती.

दुसऱ्या वेळी मी जागीच होते, भूल नुसती डोळ्याभोवती आणि कानामागे. हो, कानामागून! तिथलं कातडं पातळ असतं, रंगही जवळपास जुळतो, तिथून जोड घेऊन पापणीला लावतात. मला भीती वाटायला हवी होती, पण मी आपली प्रश्नांवर प्रश्न. जोड किती मोठा घेता? आकसेल म्हणून जास्त ठेवता का? टाका एकेक, की सलग? शेवटी बाई म्हणाल्या, "मैडम, आप चुप रहेंगी तो सिलाई सीधी आएगी." तू असतीस तर स्टूल ओढून त्यांच्या शेजारीच बसली असतीस. आठवड्यानं पट्टी निघाली. बाई म्हणाल्या, हळूच मिटा. मिटला गं! अंधार झाला. इतका आनंद मला पोरीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. जोड अजून लालसर आहे, वर्षभरात मिसळेल म्हणतात.

हे कागद मी कपाटात ठेवणार आहे. पोरीनं आत्ताच विचारलं, क्या लिख रही हो, तर सामानाची यादी म्हणून सांगितलं. तिला मराठी वाचायचा कंटाळा, ती काही बघायची नाही. म्हणून तुला खरं सांगते. फळ्यावरची वरची ओळ मला स्वच्छ दिसत होती. शेवटच्या वर्षी तुझ्या पापण्या इतक्या उतरल्या होत्या की दाराकडे बघायचं तर तुला हनुवटी वर करावी लागायची, आणि दारात मी नसायचे. देवास ते धार तीन-चार तासांची बस, आणि मी वर्षभरात दोनदा आले. मग पन्नाशीनंतर एक दिवस आरशात तोच चेहरा, हनुवटी वर करून माझ्याकडे बघणारा. मला तो बघवेना, म्हणून मी तो कापून टाकायला गेले, आणि अजून थोडं, अजून थोडं म्हणत राहिले. आता रोज सकाळी आरशात तुला शोधते. उजव्या डोळ्यात तू कुठेच नाहीस. डाव्यात जराशी आहेस, तेवढीच बघून शाळेत जाते.