म्हातारीची कळी

३ ऑक्टोबर

पोचले एकदाची! शेवटचा टप्पा पायी. ड्रायव्हर म्हणाला, "इथून पुढे गाडी नाही, ताई. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब." ट्रायपॉड, दोन बॅगा, आईने मावशीसाठी दिलेले लोकरीचे मोजे – सगळं माझ्याच पाठीवर.

मावशीने दारातच जवळ घेतलं आणि लगेच दम – "वाफ्यात पाय टाकलास तर बघ!" स्वभाव तोच. बोटं मात्र सुजलीत, थंडीने भेगा पडल्यात. उंचावरच्या झाडांची एवढी मोठी बाग, आणि माळी गेल्या वर्षीच काम सोडून गेला. आता सगळं ही एकटी बघते.

४ ऑक्टोबर

म्हातारी बघितली. एवढंसं झुडूप, रोपांच्या काचघरासमोरच्या वाफ्यात, गुडघ्याएवढंही नाही. पानांवर पांढरी लोकर, म्हणून म्हातारी. मावशीने बी रुजवून वाढवलेलं. अकरा वर्षं आई फोनवर सांगतेय, "अगं, आता तरी खाली ये." आणि हिचं एकच – "म्हातारी फुलली की येते." आमच्या घरी न होणाऱ्या कामाला तेच म्हणतात. बाबा माळा कधी आवरणार? म्हातारी फुलली की!

आणि आता खरंच कळी धरलीय. एकच. पहिलीच.

बाग ज्या संस्थेची, तिला ती बंद करायचीय. तिथल्या साहेबांनी एक मेहरबानी केली – फुललेलं झाड दाखवा, चांगला फोटो पाठवा, बैठकीत ठेवतो. बाग राहील. नाहीतर हिवाळ्याआधी गाशा गुंडाळा. म्हणून माझी वरात इथे. मी लग्नांचे फोटो काढते! फुलं काढलीत ती नवरीच्या हातातली.

"मावशी, नाहीच निघाला फोटो तर?"

"तर काय. नाही निघाला."

हिचा जीव आहे या बागेत.

५ ऑक्टोबर

धुकं.

६ ऑक्टोबर

धुकंच! दार उघडलं की समोर पांढरी भिंत. लेन्स पुसते, परत धुरकटते, परत पुसते. माझ्या हातात दुसरं काही नाही.

मावशी सकाळी कापसाने म्हातारीच्या पानांवरचं दव टिपत होती. काय ते लाड! आमचं नाक नाही कोणी असं पुसलं. संध्याकाळी तिच्यावर चार विटांवर काच ठेवते. विचारलं, "वाऱ्यासाठी का गं?" "हं," म्हणाली.

चहा घेताना मध्येच – "तुमच्या घरात ऊन येतं का गं?"

"येतं की. बाल्कनीत दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत!" मग थोड्या वेळाने, लिफ्ट आहे का. एकटं राहून माणूस काहीही विचारत बसतं.

७ ऑक्टोबर

धुकं. साहेबांचा फोन – "झालं का?" झालं असतं तर तुम्हाला विचारावं लागलं असतं का हो!

८ ऑक्टोबर

धुकं हटलं! संध्याकाळी, अगदी अचानक. पळत सुटले. कळी अर्धी उमललेली, आत गर्द निळी. पण फोटोत सगळं मेलं! ती लोकर धूळ बसल्यासारखी दिसते. मग आपली लग्नातली युक्ती काढली – पाण्याची स्प्रेची बाटली. नवरीच्या फुलांवर मारतो तसे थेंब. एका हाताने फवारा, दुसऱ्या हाताने क्लिक. काय चमकली म्हातारी! नटलीच!

उजेड गेला तेवढ्यात. पण उद्या सकाळी कळी पूर्ण उमलेल, आकाश निरभ्र आहे. मावशी नेहमीसारखी काच ठेवून आली. थंडी मरणाची आहे. पण उद्या नक्की!

९ ऑक्टोबर

काळी पडली.

कळी, पानं, सगळं. हात लावला तर उकडलेल्या पाल्यासारखं बोटाला चिकटलं.

मावशीने सांगितलं, अगदी शांतपणे. पाणी चालत नाही तिला. लोकरीत राहतं, रात्री गोठतं, आतून जाळतं. काच त्यासाठीच असते.

"अगं मग मला सांगायचंस ना! मी विचारलं होतं तुला!"

"राहिलं," म्हणाली.

राहिलं! अकरा वर्षं जपलेलं, आणि मी स्प्रे मारून मारलं. देवा, काय करून बसले मी. दुसरी कळी नाही, दुसरं झाड नाही. काही म्हणजे काहीच करता येत नाही. दिवसभर त्या वाफ्याशी बसून राहिले. ओरडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट तिनेच माझ्या अंगावर शाल टाकली. "ऊठ आता. गारठशील."

१० ऑक्टोबर

साहेबांना फोन मीच केला. सगळं सांगितलं. "अरेरे," म्हणाले. मग लगेच – बाकीची रोपं खालच्या बागेत हलवू, माणसं पाठवतो, बाईंना म्हणावं रस्ता बंद व्हायच्या आत उतरा. जणू तयारीच होती.

मावशीला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि बॅग काढायला गेली. मला तिच्याकडे बघवत नाही.

१२ ऑक्टोबर

गाडीत आहोत. मावशी शेजारी झोपलीय, तोंड उघडं टाकून, नवे मोजे घालून.

मन घट्ट करून त्या संध्याकाळचे फोटो उघडले. पुढे कळी, माझा हात, बाटली. मागे कोपऱ्यात काचघराची खिडकी, आणि खिडकीत मावशी. पहिल्या फोटोत. मधल्यांत. शेवटच्यातही. हात कडीवर. खिडकी बंद.

सगळे डिलीट केले. घाट संपला तसं ऊन तिच्या तोंडावर आलं. पडदा ओढायला गेले, तर झोपेतच म्हणाली, "राहू दे गं."