टाकीचा जबाबदार माणूस

ता. ३, मंगळवार

तेलाच्या टाकीचा जबाबदार माणूस झालो! मी! ज्याला गॅस बंद केला की नाही हे तीनदा उठून पाहावं लागतं, तो!

जावयाच्या गॅरेजामागे टाकी आहे. ट्रकच्या इंजिनांतून काढलेलं काळं, जळकं तेल तिच्यात साठतं. महिन्याकाठी गाडी येते, उपसून नेते. आता नियम आलाय. तपासणीच्या बाई कागद देऊन गेल्या. टाकी फुटली तर सगळं तेल भोवतीच्या भिंतीच्या आत राहिलं पाहिजे, मागच्या ओढ्यात थेंब जाता कामा नये. शिवाय एका माणसाचं नाव हवं, जो रोज बघेल, वहीत लिहील आणि काही झालं तर उत्तर देईल. सोळा तारखेला तपासणी. नापास झालो तर टाकीला सील, आणि टाकी नाही तर गॅरेज नाही.

जावई म्हणाला, "मामा, तुमचंच नाव घातलंय. तुमच्याइतकं बारीक लक्ष कुणाचं?"

सात वर्षं याच्या घरी राहतोय. पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे काही मागितलं. छाती फुगली. मग 'काही झालं तर उत्तर देईल' हे पुन्हा वाचलं. छाती जागेवर आली.

ता. ४, बुधवार

कागद चार वेळा वाचला. 'टाकीच्या क्षमतेच्या एकशे दहा टक्के' — शंभरातले एकशे दहा आणायचे कुठून? लेक म्हणाली, "बाबा, टाकीत मावतं त्याहून थोडं जास्त भिंतीत मावलं पाहिजे. पावसाचं पाणीही साचतं ना!" मग तसं लिहायला काय झालं होतं?

ता. ६, शुक्रवार

भिंत मोजली. भरपूर निघाली! आनंदानं लेकीला आकडे दाखवले. ती म्हणाली, "बाहेरून मोजलीत? तेल आत राहणार की विटांत शिरणार?"

आतून मोजली. काठावर पास. माझ्या सातवीसारखी.

ता. ९, सोमवार

आज गाडी येऊन तेल उपसून गेली. भुशाची तीन पोती आणली, वाळूच्या बादल्या भरल्या. दिवसातून सहा वेळा टाकीपाशी जातो. गॅरेजातला जुना मिस्त्री म्हणतो, "काका, टोपडं घाला तिला, सर्दी होईल."

हसू दे. उत्तर मला द्यायचंय.

ता. १०, मंगळवार

भिंतीला तळाशी चीर दिसली. केसाएवढी. पण तेलाला केसाएवढी जागा पुरते! दुपारभर तिच्याकडे बघत बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला — भिंतीच्या आत काठोकाठ पाणी भरून बघायचं. झिरपलं तर कळेल. टाकी रिकामीच आहे, धोका कसला? पाणी बिचारं काय वाकडं करणार!

कुणाला विचारलं नाही. शहाणपण आलं की माणूस विचारत नाही.

ता. ११, बुधवार

सकाळी नळी लावली. पाणी गुडघ्याच्या जरा खाली आलं तेव्हा टाकी हलली. मला वाटलं मलाच चक्कर आली, म्हणून भिंतीवर बसलो. बसलो तरी टाकी हलतच होती!

तरंगली. लोखंडाची टाकी! रिकामी टाकी पाण्यावर तरंगते हे सातवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं. आठवीत असेल. एका अंगाला कलली, पाइप कडकन तुटला आणि तळाला उरलेलं तेल पाण्यावर काळंभोर पसरलं.

"काका, पोहायला शिकवताय काय तिला?" मिस्त्री हसत आला. पाहिलं आणि हसायचा थांबला.

थेंबही बाहेर गेला नाही. चीर झिरपली नाही. भिंत पास. मी नापास.

जावई आला, बघितलं, निघून गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

ता. १२, गुरुवार

दिवसभर भुशानं तेल टिपलं. जावई तिकडं फिरकलाही नाही. पिशवी भरून ठेवलीय. धाकट्या भावाकडे एक खाट तरी असेलच.

ता. १३, शुक्रवार

लेकीनं पिशवी उपसली. "कुठं निघालात? आणि या उन्हात स्वेटर कशाला?" मी स्वेटर जागेवर ठेवला.

पाणी काढल्यावर मिस्त्रीनं टाकी आडवी केली. बुडाला स्क्रूड्रायव्हर टोचला तर भिजल्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला! माझ्या एका नळीनं बूडही गेलं? मिस्त्री जावयाकडे बघत राहिला. जावई म्हणाला, "पत्रा मार, रंग दे, सोमवारच्या आत उभी कर."

ता. १४, शनिवार

जेवताना धीर करून म्हटलं, "चुकलो. माझ्यामुळे टाकी गेली. बाईंना मी सांगतो, सगळी चूक माझी." जावई भरल्या ताटावरून उठला. लेक माझ्याकडे बघायला लागली. मी भाताकडे. एवढा राग! पिशवी पुन्हा भरावी म्हणतो.

ता. १५, रविवार

जावई सकाळी खाटेशी येऊन बसला. मान खाली. बूड सडलंय हे त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. मिस्त्रीनं तेव्हाच सांगितलं होतं. "नवी टाकी झेपत नव्हती, मामा. वाटलं, फुटलीच तर म्हाताऱ्या माणसाला कुणी आत टाकत नाही. म्हणून तुमचं नाव घातलं."

मी वही मागितली. त्याच्यासमोर लिहिलं — 'बूड सडले आहे. पत्रा मारून चालणार नाही. टाकी आजपासून बंद.' उद्या बाईंना आधी हेच पान दाखवणार.

"गॅरेज बंद पडेल, मामा."

"पडेल," म्हटलं, आणि खाली सही केली.