रंभीच्या घोट्याचं सूत

३ डिसेंबर १९७४
नोकरी लागली एकदाची! आज एसटीनं सालईझरीच्या वनचौकीवर उतरलो. काम सोपं आहे. पाणवठ्यावर वाघाच्या छाव्याचा ठसा शोधायचा, वर काच धरून काचेवर त्याची रेघ काढायची, अन् पंज्याची रुंदी वहीत चढवायची. छावा कसकसा वाढते ते नागपूरच्या साहेबाले पाहिजे. घरी नागपूरले, नंदनवन वस्तीतले शेजारी मले वाघाचा शिंपी म्हणून चिडवतात. चिडवोत बापडे. आम्ही उमरेडचे कोष्टी, माप आमच्या हाडात आहे.

निघताना सत्यवती रडली. रंभी सव्वा वर्षाची, ती बापाची पिशवी धरून नाचत होती. परवाच तिले चांदीचे वाळे केले. सोनाराले माप द्यायला तिच्या घोट्याभोवती सूत धरून गाठ मारली होती. ते सूत अजून खिशात आहे. पोरीची आठवण म्हणून राहू दिलं.

५ डिसेंबर
चौकीदार रामाजी भला म्हातारा आहे. त्यानंच ठसा शोधून दिला. पण सरकारी फीत वाळवीनं खाल्लेली! मी खिशातलं सूत काढलं, पंज्यावर आडवं धरलं अन् दुसरी गाठ मारली. चौकीत येऊन पट्टीवर मोजलं, पावणेतीन इंच.

रामाजीचं तोंड उतरलं. म्हणे, बाबू, वाढत्या लेकराचं माप काढूच नये, अन् तुम्ही जनावराचं माप त्याच सुतावर काहून घेतलं? एकाची वाढ दुसऱ्याले जाते. मी हसलो. म्हटलं, सरकारी कामात हे नाही चालत गा.

१७ डिसेंबर
पंजा साडेतीन इंच. बारा दिवसांत! साहेबाची चिठ्ठी आली, माप चुकलं असंन, पुन्हा घ्या. मी अन् माप चुकीन? भल्ला राग आला. त्याच सुतानं पुन्हा घेतलं. साडेतीनच.

मंगळवारच्या एसटीनं सत्यवतीचं पत्रही आलं. रंभीचे वाळे ढिले झाले म्हणते. सोनारानं फसवलं, दुसरं काय.

२४ डिसेंबर
पंजा सव्वाचार. पत्रात लिहिलं आहे, वाळे पायातून गळून पडतात. पोरगी खाते, पण वाळून राहिली. डॉक्टर म्हणे रोग काहीच नाही.

रामाजीले पत्र वाचून दाखवलं. त्यानं सूत पाहिलं अन् कपाळावर हात मारला. मले हसू आलं नाही. रंभीची गाठ सोडवायला बसलो, नख तुटलं, गाठ सुटली नाही. कापतो म्हटलं त रामाजीनं हात धरला. म्हणे, गाठ कापली त पोरगी गेली.

२९ डिसेंबर
चार दिवस झाले, मोजणं बंद केलं. तरी ठसे आता चौकीच्या अंगणात. न मोजताही दिसते, मोठा झाला. माय वं, काय करून बसलो मी.

३१ डिसेंबर
पत्र. रंभी मान धरत नाही. या.

जीव एसटीकडे धावला. पण जाऊन काय करू? गाठ त माझ्या हातात आहे. रामाजीले शपथ घातली, तेव्हा तो बोलला. तिच्या रक्ताच्या माणसानं तिच्या गाठीवर आपली गाठ मारली, त तिचं ओझं त्याच्यावर येते. बोलला अन् रडला.

माझ्या घोट्याभोवती सूत धरलं. तिच्या गाठीवर गाठ मारली.

७ जानेवारी १९७५
रंभी सावरली! वाळे घट्ट बसले, घालताना रडते म्हणे. बाप्पा, मी पत्र छातीशी धरून नाचलो. चपला पायातून निसटल्या. घड्याळ कोपरापर्यंत चढते. चढू दे.

फक्त एक. सत्यवती लिहिते, गांधीबागेच्या बाजारातून कापड आणलं, संक्रांतीले पोरीले फ्रॉक शिवते. म्हणजे ती माप घेणार. सुतानंच घेणार.

१० जानेवारी
उभं राहवत नाही. रामाजी बैलगाडी आणायला गेला. जाताना दार लावलं होतं —

पंजा उंबऱ्याच्या आत. काच पुरत नाही.

११ जानेवारी
ऊन पडलं आहे. तो दारात बसला आहे. घाई नाही त्याले —

पेन जड —

सत्यवती, ही वही पोचली त ऐक. पोरीचं माप काढू नको वं. फ्रॉक ढगळच शिव, अंदाजानं. ती वाढंन, आपसूक त्यात